कोल्हापुरातली प्रेमकथा: नायिका बालगृहात वाढलेली, नायक फाउंड्रीवाल्यांचा. तपशील तपासून हवेत

शाईची_दौत

कादंबरी लिहायला घेतली आहे. साधारण साठ हजार शब्द, काळ आजचा, गाव कोल्हापूर. नायिका रेवा, वय २५. दीड वर्षाची असताना मध्यवर्ती बसस्थानकावर सापडली, बालगृहात वाढली. आयटीआय करून आता शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, उचगावात खोली घेऊन राहते. नायक संग्राम, वय २८. आजोबांनी उद्यमनगरात फाउंड्री टाकली, ती आता शिरोलीत. घर ताराबाई पार्कात, मूळचे मंगळवार पेठेतले.

रेवाला नवऱ्याइतकंच घर हवं आहे, माणसं हवी आहेत, आणि त्याची तिला थोडी लाजही वाटते. कथा एवढीच. अडलंय ते असं: अठरा पूर्ण झाल्यावर ती कुठे गेली असेल? आईवडील नसताना लग्न कसं लागतं, कागद कोणते? दोघं भेटतात कुठे? 'गरीब मुलगी, श्रीमंत मुलगा' असं सिनेमाछाप न करता दोन घरांमधलं अंतर कसं दाखवायचं? फाउंड्री, कायदा, पेठेतली रीतभात यातलं नेमकं माहीत असलेल्यांनी कृपया लिहावं.

नमुना_दोन

पहिलं भोक सुरुवातीलाच आहे. दीड वर्षाची, धडधाकट, सापडलेली मुलगी अठरा होईपर्यंत बालगृहात कशी राहील? जाणकार वाचक पहिल्याच पानावर विचारेल, दत्तक का गेली नाही? आजच्या कायद्यात दोन वर्षांखालचं टाकून दिलेलं मूल सापडलं, तर पालकांचा शोध घेऊन बाल कल्याण समितीने दोन महिन्यांत ते दत्तकासाठी मोकळं असल्याचं जाहीर करायचं असतं. दोन वर्षांवरच्या मुलासाठी मुदत चार महिने. लहान मुलांसाठी पालक रांगेत असतात.

अडकतात ती वेगळी मुलं. वयाने मोठी, दोन-तीन भावंडं एकत्र आलेली, किंवा ज्यांचं कुणीतरी कागदावर जिवंत आहे अशी. बालगृहात येताना रेवाला सहा-सात वर्षांची करा. वडिलांनी 'थोड्या दिवसांत नेतो' म्हणून आणून सोडलं, दोन दिवाळ्या भेटायला आले, मग येणं थांबलं. हक्क सोडल्याचा कागद त्यांनी कधी केलाच नाही, म्हणून ती ना धड अनाथ, ना दत्तकाला मोकळी. तुमच्या विषयाला हे बसस्थानकापेक्षा जास्त लागू पडतं, कारण तिला एक चेहरा आठवत राहील. मात्र याची किंमत तिला पुढे मोजावी लागेल. राज्यात अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण २०१८ मध्ये आलं, म्हणजे साधारण ती अठराची होताना. पण हयात वडिलांचं नाव फाइलला असेल तर अनाथ प्रमाणपत्राचं गणित तिथेच अडतं.

अठरानंतर बालगृह सोडावं लागतं. पुढे अनुरक्षणाची, म्हणजे आफ्टरकेअरची सोय २१ पर्यंत असते: राहणं, प्रशिक्षण, थोडी आर्थिक मदत. तिथून आयटीआय, मग नोकरी आणि उचगावची खोली, हे नीट जुळतं. तिचं बालपण २००० च्या बाल न्याय कायद्याखाली गेलं, २०१५ चा कायदा जानेवारी २०१६ पासून लागू झाला, तेव्हा संवादात कलमं घालताना जपून. आणखी एक: नावात आईचं नाव सक्तीने आलंय ते १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी. रेवाच्या कागदांवर ते दाखवू नका.

आता लग्न. विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटीस विवाह अधिकाऱ्याकडे द्यायची, ती कार्यालयाच्या फलकावर लागते, ३० दिवस हरकतीची मुदत. ती सरली की लग्न, आणि नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत. तीन महिने उलटले की नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून. लग्नाला तीन साक्षीदार लागतात, ओळखपत्रांसह.

कथेतली माणसं 'घराणं नाही, जात कळत नाही' म्हणून हरकत घेतात, असं बऱ्याच मालिकांत दिसतं. तसं होत नाही. हरकत फक्त कलम ४ मधल्या अटींवर: आधीचा जोडीदार हयात असणं, संमती देण्याची मानसिक स्थिती नसणं, वय (तो २१, ती १८), आणि निषिद्ध नातं. बाकी काकाने कितीही आरडाओरडा केला तरी त्याचा कागद होत नाही. निषिद्ध नात्यावरून 'ही आपलीच बहीण तर नाही?' असं वळण डोक्यात असेल तर कृपा करून सोडून द्या.

कायद्यातल्या दुसऱ्या अनुसूचीतला नोटिशीचा नमुना मिळवून वाचाच. नाव, वैवाहिक स्थिती, व्यवसाय, वय, राहण्याचं ठिकाण, किती दिवसांपासून राहता. वडिलांच्या नावाचा रकाना या मूळ नमुन्यात नाही. पण 'सध्याचं ठिकाण कायमचं नसेल तर कायमचा पत्ता' असा रकाना आहे, आणि कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिकडच्या कार्यालयात जाऊन तिथल्या फलकावरही लागते. आता ठरवा, रेवा तिथे काय लिहिते. उचगावची खोली अकरा महिन्यांच्या करारावर आहे.

जाता जाता, काकासाठी एक खरा मुद्दा देतो. कलम १९ प्रमाणे एकत्र कुटुंबातला हिंदू या कायद्याखाली लग्न करतो तेव्हा तो कुटुंबातून विभक्त झाल्याचं धरतात. १९७६ मध्ये जोडलेल्या २१-क ने यातून सूट दिली, पण ती दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तरच. फाउंड्रीची जागा एकत्र कुटुंबाच्या नावावर असेल आणि रेवाच्या फाइलला धर्माचा रकाना कोरा असेल, तर घरचे सीए हा प्रश्न काढणारच. विभक्त होणं म्हणजे हिस्सा जाणं नव्हे, हे मात्र संग्रामच्या तोंडी असू द्या.

वाळू_आणि_साचा

भेट कुठे, याचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. ती मशीन शॉपमध्ये क्वालिटीला, तो फाउंड्रीवाला. त्याचा लॉट तिने रिजेक्ट करायचा!

पंपाच्या बॉडीचे बिडाचे कास्टिंग घ्या, दोनशे नग. फाउंड्रीतून आले तेव्हा वरून स्वच्छ. मशीनवर चढवून दोन-तीन मिलिमीटर चामडी उतरली की आतली भोकं उघडी पडतात, ब्लो होल. कारण हवं असेल तर महिना जुलै ठेवा. पावसाळ्यात वाळूतला ओलावा सांभाळणं अवघड जातं. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, तो साधारण ३ ते ४ टक्के हवा. त्याच्या वर गेला की १३५० ते १४०० अंशांचं लोखंड साच्यात पडताच वाफ होते, वाट मिळाली नाही की आतच अडकते. कोअर (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) नीट भाजला नसेल किंवा व्हेंट (वाफ बाहेर जायची वाट) बुजला असेल तरी तेच. अनुभवी मोल्डर मूठभर वाळू दाबून मोडून बघतो. तुकडा कडेने स्वच्छ मोडला तर ठीक, तळव्याला चिकटली तर पाणी जास्त.

आता खरी गंमत पैशाची. भोक मशीनिंगनंतर दिसलं, म्हणजे मशीनचा वेळ, टूल, मजुरी खर्च झालेली असते. मशीन शॉप कास्टिंग परत करतं आणि वर मशीनिंगच्या खर्चाची डेबिट नोट लावतं. फाउंड्रीला परत आलेला माल भंगाराच्या भावाने पुन्हा भट्टीत. दोनशेतले साठ गेले तर त्या लॉटचा नफा विसरायचा. म्हणून चार भोकं असतील तर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, वर रंग मारून पाठवायची सवय काही ठिकाणी असते. रेवाने स्क्रायबरचं टोक लावलं की लांबीचा खपला सुटतो. नाही सुटला तर पाण्याच्या दाबाच्या चाचणीत तिथूनच घाम फुटतो. संग्रामला हे माहीत नव्हतं, सुपरवायझरने परस्पर केलं, की माहीत होतं? माझं मत, माहीत असू द्या. पहिल्या भेटीत त्याने 'बघा की मॅडम, एवढ्या बारीकीनं कोण बघतंय' म्हणावं आणि तिने रिजेक्शन नोटवर कारण खणखणीत लिहून सही करावी.

अंतराबद्दल. फाउंड्रीवाले श्रीमंत म्हणजे नोटा मोजत बसलेले, असं लिहू नका. बंगला, गाडी असते, पण भट्टीचं वीजबिल, कर्जाचा हप्ता आणि दोन-तीन महिने अडकलेलं पेमेंट सोबत असतं. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्या असं २००६ चा कायदा सांगतो. पण मोठ्या गिऱ्हाइकाला नोटीस धाडून पुढची ऑर्डर घालवायला कोण जाणार? पहिल्या पिढीचा मालक अजून शॉप फ्लोअरवर उभा राहतो, नखात काळी वाळू असते. तिसऱ्या पिढीच्या हातात लॅपटॉप. कामगार आजोबांना 'मालक' म्हणतील, वडिलांना 'साहेब', संग्रामला 'दादा'. तीन पिढ्यांचा चढ या तीन हाकांत येतो, वेगळं वर्णन लागत नाही.

अंतर पैशापेक्षा चूक परवडण्यात दाखवा. संग्रामने एक लॉट घालवला तर वडील दोन दिवस बोलत नाहीत. रेवाने एक लॉट चुकून पास केला तर नोकरी जाते, नोकरी गेली तर खोलीचं भाडं थांबतं, आणि परत जायला घर नाही.

पेठेतली

बोलीकडे आधी बघा, कारण बाहेरचा लेखक तिथेच पकडला जातो. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल पुल्लिंगात बोलतात. 'मी आलो', 'मी जेवलो', 'जातो गं'. संग्रामची आजी, आत्या, शेजारणी अशाच बोलतील. आई ताराबाई पार्कात पंचवीस वर्षं राहून पाहुण्यांसमोर 'येते, जाते' करत असेल, आणि रागावली की 'सांगितलो नव्हतो काय तुला!'. बालगृहात जिल्ह्या-जिल्ह्यातून आलेल्या मुली असतात, शिकवणाऱ्या बाई प्रमाण बोलतात. म्हणून रेवा कोल्हापुरात वाढूनही 'येते'च म्हणेल. ती पहिल्यांदा 'येतो' कधी म्हणते, हे तुम्ही ठरवा. तिच्या लक्षात येऊ देऊ नका आणि निवेदकानेही त्यावर बोट ठेवू नये.

हाका. बालगृहातली काळजीवाहिका 'मावशी', अधीक्षक 'मॅडम', मोठ्या मुली 'ताई'. म्हणजे रेवाच्या लेखी मावशी हे पगारी माणसाचं नाव आहे. ड्युटी संपली की घरी जाणारं माणूस. संग्रामची आई प्रेमानेच म्हणणार, 'मला मावशी म्हण.' त्या वाक्याने रेवाचं तोंड का उतरलं, हे त्या घरात कुणालाच कळणार नाही. आपल्याकडे सासूला आत्ती, सासऱ्याला मामा म्हणायची रीत आहे. पेठेत ती अजून चालते, बंगल्यात मम्मी-पप्पा झालंय. आजी अजून आत्तीवालीच असेल. नणंदेला वन्सं, दिराला भावजी. रेवाला हे शब्द माहीत आहेत, वापरायला माणूस कधी मिळालं नाही, एवढंच.

पहिल्या भेटीत तिला प्रश्न विचारले जातील ते 'आईवडील काय करतात' असे नसतील. 'गाव कुठलं?' आणि 'पावणं कोण तुमचं?' हे ते प्रश्न. यात कुळी, देवक, सोयरीक, शेती, सगळं एका दमात येतं. विचारणाऱ्याच्या मनात वाईट असतंच असं नाही, ओळख जुळवायची ती पद्धत आहे. पोरं 'कुठल्या तालमीची?' विचारतील, कारण इथे फुटबॉलचे संघ तालमींचे, आणि शाहू स्टेडियमवर मॅच बघायला कुठल्या बाजूला बसायचं तेही ठरवावं लागतं.

लग्नात मोकळ्या जागा कुठे पडतात ते सांगते. देवक मुलीकडचं नाही. अंतरपाटाला मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो, तो नाही. करवली नाही. शेवटी झाल असते, टोपल्यात दिवे लावून मुलीकडचे मुलगी सासरच्या ओटीत घालतात, तेव्हा ओटीत घालणारं कोण? वाचकाला रडवायला प्रत्येक जागा वापराल तर चौथ्या जागेला तो जांभई देईल. एकच घ्या. मी मामाची घेईन, कारण तिथे काही बोलायचं नसतं, फक्त उभं राहायचं असतं. कन्यादान टाळायचं असेल तर कायद्याने ते सक्तीचं नाही. शिवाय भटजीशिवायचं सत्यशोधक लग्न कोल्हापूरला नवं नाही, शाहू महाराजांच्या काळापासून ती परंपरा इथे आहे. याच संस्थानाने आंतरजातीय विवाहाला शंभरेक वर्षांपूर्वी कायद्याची मान्यता दिली होती. संग्रामच्या आजोबांनी दसरा चौकातल्या शाहू महाराजांच्या पुतळ्याला दरवर्षी हार घालावा आणि घरात मात्र 'पावणं कोण?' विचारावं. लांबून नाटक आणायची गरज नाही.

साज गळ्यात घालून सुनेला स्वीकारल्याचा प्रसंग लिहिला असेल तर काढा. साज सुंदरच आहे, पण तो प्रसंग घासून गुळगुळीत झालाय.

खोडरबर

वरच्या तिघांनी इतका माल दिलाय की आता धोका तो सगळा घालण्याचा आहे. साठ हजार शब्दांत अडीच-तीन हजारांची बावीस-तेवीस प्रकरणं होतील. रिजेक्शन दुसऱ्या प्रकरणात हवं, पाचव्यात नको. नोटीस सोळाव्याच्या आसपास लावा, म्हणजे फलकावरचे ३० दिवस शेवटच्या भागाला आपोआप घड्याळ देतात. घरच्यांना बातमी त्या फलकावरूनच कळू द्या. नोंदणी कार्यालयात दस्तासाठी गेलेला ओळखीचा एजंट पुरतो. योगायोग वाटत नाही, कारण उद्योजकाच्या घराचे कागद तिथे सतत असतात.

संग्रामच्या आईला खलनायिका करू नका. तिचा प्रश्न खरा ठेवा: उद्या रेवाचे वडील दारात आले तर? त्याला उत्तर नाही, रेवाकडेही नाही. आणि वडिलांना शेवटी आणायचं की नाही हे आत्ताच ठरवा. आणणार असाल तर तयारी चौथ्या प्रकरणापासून लागते. मी आणणार नाही.

रेवाची लाज तुम्ही पहिल्याच परिच्छेदात सांगितलीत आणि मग तिचं काहीच केलं नाहीत. तिला तो आवडतो की त्याचं घर आवडतं, हे तिचं तिलाच कळत नाही, असा प्रसंग हवा. तो नसताना ती त्या घरी जाते आणि तिला जास्त मोकळं वाटतं. बस, एवढा.

शाईची_दौत

बसस्थानक गेलं, वडील आणि दोन दिवाळ्या आल्या. लांबी भरलेलं कास्टिंगही आलं. खोडरबर म्हणतात तसा, संग्राम घरी नसतानाचा प्रसंग आज बसून लिहिला. कच्चा तुकडा देते, चुका काढा:

*"रविवार होता. आत्तींनी पांढरा रस्सा उकळत ठेवला होता. हळदीचा मंद पिवळा रंग त्यावर चढला होता. रेवा ओट्याशी उभी राहिली. 'तुम्ही बसा, वाढते मी,' आत्ती म्हणाल्या, आणि वाटी भरून तिच्या हातात दिली."*

पेठेतली

पांढऱ्या रश्शात हळद! कोल्हापुरात हे छापून आणू नका, पुस्तक वाटेतच परत फिरेल.

मटण शिजवतानाच हळद टाकली की अळणी पिवळं होतं, म्हणून पांढऱ्यासाठी काढायच्या पाण्यात हळद नाही, तिखट तर नाहीच. किलोभर मटणाला आलं-लसूण आणि मीठ लावून दीड-दोन लिटर पाण्यात शिजवायचं, ते पाणी म्हणजे अळणी. दोन चमचे खसखस, दोन चमचे पांढरे तीळ, दहा-बारा काजू भिजवून गंधासारखे वाटायचे. तुपावर लवंग, वेलदोडा, दालचिनी, मिरी, चिरलेली हिरवी मिरची, मग वाटण, मग अळणी. एका मोठ्या नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, आच मंद करून. त्यानंतर खळखळ उकळी आली की रस्सा फुटतो, वर तूप आणि खाली कणी. म्हणजे तुमचं 'उकळत ठेवला होता' हेही चूक. लिंबूही पातेल्यात पिळायचं नाही.

दुसरं, 'तुम्ही बसा' म्हटल्यावर आत्ती तिला पाहुणी समजतात, ते ठीक. पण मग वाटी भरून देणं हा त्याचाच भाग आहे, त्यात जवळीक नाही. पावण्याला वाटी मिळते, घरच्याला पळी. नारळाचं दूध घालायच्या वेळेला दारात दूधवाला किंवा फोन आणा. आत्ती बाहेर जाताना पळी रेवाच्या हातात देतात: 'ढवळत ऱ्हा, फुटू देऊ नको.' 'तुम्ही'चं 'तू' तिथे होतं. दोन-तीन मिनिटं रेवा एकटी त्या पातेल्याशी. एका दिशेने ढवळायचं, आच वाढवायची नाही.

नमुना_दोन

याला जोडून एक. नोंदणी कार्यालयात कलम १२ प्रमाणे दोघांनी एकमेकांना, अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर, म्हणायचं असतं: 'मी अमुक, तुझा कायदेशीर पती म्हणून स्वीकार करते.' दोघांना समजेल अशा भाषेत चालतं. साक्षीदार तीनच हवेत, कुणाकडचे किती अशी अट नाही. उचगावची घरमालकीण, मशीन शॉपमधली मैत्रीण, आणि तिसरी सही आजीची धरा. आजीचं आधार कार्ड सोबत घ्यायला विसरू नका, कर्मचारी ते आधी मागतो.

पेठेतली

आजी असेल तर ती रेवाला मागून कोपर मारून सांगेल, 'करतो म्हण की गं.'

शाईची_दौत

हळद काढली. पळी घेते. आजीच्या वाक्याला हात लावत नाही, तसंच ठेवते.